प्रभाग की संपूर्ण शहर? : सॅन फ्रान्सिस्को येथील नगरनिवडणुका व स्थानिक जनपृच्छा (१८९८–२०२५)

प्रस्तावना

महाराष्ट्रातील महानगरपालिकांच्या निवडणुका गेल्या पाव शतकात कोणत्या पद्धतीने झाल्या, याचा नुसता क्रम मांडला तरी अभ्यासक संभ्रमात पडतो. मुंबईचा अपवाद वगळता २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ मध्ये एका सदस्याचा, २०१२ मध्ये दोन सदस्यांचा आणि २०१७ मध्ये चार सदस्यांचा. पुढे २०२१ मध्ये तीन सदस्यांचा निर्णय झाला. २०२२ मध्ये सत्तांतरानंतर तो फिरवण्यात आला आणि दीर्घ न्यायालयीन विलंबानंतर जानेवारी २०२६ मध्ये झालेले मतदान पुन्हा बहुसदस्यीय प्रभागांतून झाले. हे सर्व बदल राज्याच्या कायद्याने वा अध्यादेशाने झाले. यांपैकी एकाही बदलाविषयी शहरातील मतदारास विचारले गेले नाही, कारण तसे विचारण्याची तरतूदच आपल्या व्यवस्थेत नाही.

नगरसेवक प्रभागातून निवडावा की संपूर्ण शहरातून, हा प्रश्न ज्या शहराने प्रत्यक्ष मतपत्रिकेवर ठेवला, आणि तोही एकदा नव्हे तर वारंवार, त्या सॅन फ्रान्सिस्को शहराचा अनुभव प्रस्तुत निबंधात तपासला आहे. मतदाराला विचारल्याने उत्तर योग्यच मिळते असा दावा येथे नाही. उलट एकाच शहराने एकाच प्रश्नाला चार वर्षांत दोन परस्परविरुद्ध उत्तरे दिल्याचे पुढे दिसेल. तथापि प्रश्न कोणी विचारावा यावर उत्तराचे आयुष्य अवलंबून असते, असे या इतिहासावरून प्रस्तुत लेखकास वाटते.

परिभाषेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. सॅन फ्रान्सिस्को हे शहर आणि काउंटी, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्याशी मिळतेजुळते एकक, १८५६ पासून एकच आहे. तेथील सभागृहास 'बोर्ड ऑफ सुपरवायझर्स' म्हणतात. वाचकांच्या सोयीसाठी त्याच्या सदस्यांना येथे नगरसेवक आणि त्यांच्या मतदारसंघांना प्रभाग म्हटले आहे.

सनद आणि कर्जरोखे

कॅलिफोर्नियाच्या १८७९ च्या संविधानाने मोठ्या शहरांना स्वतःची सनद स्वतः तयार करण्याचा अधिकार दिला. आपल्याकडील महानगरपालिका राज्याच्या अधिनियमातून जन्मते, तर तेथील शहर आपल्या सनदेतून. सनद मतदारांनी मंजूर करावी लागते आणि तिच्यात दुरुस्ती करावयाची झाल्यास तीही मतदारांपुढेच न्यावी लागते. पुढील सव्वाशे वर्षांच्या इतिहासाचे मूळ या एका तरतुदीत आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी आधीचे मसुदे फेटाळून अखेर मे १८९८ मध्ये नवी सनद स्वीकारली व ती जानेवारी १९०० पासून अमलात आली. महापौर जेम्स फेलन यांच्या पुढाकाराने झालेल्या या सनदेत उपक्रम आणि जनपृच्छा हे दोन्ही अधिकार होते. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे शब्द स्वित्झर्लंडच्या प्रकरणातून परिचित असतात. ठराविक संख्येने सह्या गोळा करून नागरिकांनी स्वतः कायद्याचा प्रस्ताव मतदानास ठेवणे म्हणजे उपक्रम, आणि सभागृहाने केलेला कायदा मतदारांच्या निर्णयास टाकणे म्हणजे जनपृच्छा. अमेरिकेतील शहरांपैकी हे अधिकार प्रथम स्वीकारणाऱ्यांत सॅन फ्रान्सिस्कोची गणना होते.

याच सनदेने अठरा नगरसेवक संपूर्ण शहरातून निवडण्याची पद्धत घालून दिली. प्रभागनिहाय राजकारण म्हणजे गल्लीतील पुढाऱ्यांचे आणि भ्रष्टाचाराचे राजकारण, अशी त्या काळातील सुधारकांची धारणा होती. शहराचा विचार करणारा, प्रतिष्ठित, व्यवसायाने स्थिरावलेला माणूस सभागृहात यावा, ही त्यामागील अपेक्षा. १९३२ मध्ये अमलात आलेल्या सनदेने सदस्यसंख्या अकरा केली, परंतु निवड संपूर्ण शहरातूनच ठेवली. मतदाराला थेट कायदा करण्याचा अधिकार देणारी आणि त्याच वेळी मोहल्ल्याचा प्रतिनिधी नाकारणारी ही सुधारणा एकाच लेखणीतून उतरली होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आरंभीच्या दशकांत मतपत्रिकेवरील प्रस्ताव प्रामुख्याने कर्जरोख्यांचे असत. कर्जरोख्यांस साधे बहुमत पुरत नसे, दोन-तृतीयांश मते लागत. गिअरी रस्त्यावरील खासगी ट्रामवाहिनी शहराने ताब्यात घेऊन चालवावी, या प्रस्तावाला १९०२ मध्ये बहुमत मिळाले पण दोन-तृतीयांश मिळाले नाहीत. १९०३ मध्येही तो पडला. डिसेंबर १९०९ मध्ये तो संमत झाला आणि २८ डिसेंबर १९१२ रोजी शहराच्या मालकीची ट्राम धावू लागली. पाण्याच्या बाबतीत मतदार अधिक निःशंक होते. १९०६ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीने शहर बेचिराख झाले होते आणि पाणीपुरवठा खासगी कंपनीच्या हाती होता. जानेवारी १९१० मध्ये हेच हेची खोऱ्यातील धरणासाठी साडेचार कोटी डॉलरचे कर्जरोखे सुमारे वीसास एक अशा प्रमाणात मंजूर झाले. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातील ही दरी बुडवू नये म्हणून जॉन म्यूर यांनी देशभर चळवळ केली, परंतु १९१३ मध्ये अमेरिकन काँग्रेसने परवानगी दिली. ते पाणी शहरात पोहोचावयास १९३४ साल उजाडले.

ज्या मतदारांनी पाणी आणि ट्राम शहराच्या मालकीची केली, त्यांनीच वीज मात्र केली नाही. हेच हेचीच्या पाण्यावर निर्माण होणारी वीज खासगी कंपनीस पुनर्विक्रीसाठी देऊ नये, अशी अट १९१३ च्या कायद्यात होती. ती पाळावयाची तर शहरातील वीजवितरणाचे जाळे विकत घेणे भाग होते. त्यासाठीचे कर्जरोखे १९२७ ते १९४१ या काळात आठ वेळा मतदानास आले आणि आठही वेळा नामंजूर झाले. येथे जनपृच्छेची एक मर्यादा उघड होते. प्रस्तावाचा फायदा सर्वांना थोडा थोडा आणि तोटा एकाच संघटित हितसंबंधाला मोठा असेल, तर प्रचाराची ताकद कोणत्या बाजूस राहील हे सांगावयास नको.

प्रभागांचा प्रश्न मतपत्रिकेवर

दुसऱ्या महायुद्धानंतर शहराची वस्ती बदलली. मिशन भागात स्पॅनिशभाषक, फिलमोर व बेव्ह्यू भागांत कृष्णवर्णीय, चायनाटाउनमध्ये चिनी, तर सत्तरच्या दशकात कॅस्ट्रो भागात समलिंगी स्त्रीपुरुष अशा वसाहती ठळक झाल्या. संपूर्ण शहरातून निवडल्या जाणाऱ्या सभागृहात मात्र या मोहल्ल्यांचे प्रतिबिंब क्वचितच पडे. सबंध शहरात प्रचार करावयाचा तर पैसा, वृत्तपत्रांचा पाठिंबा आणि मोठ्या संघटनांचे पाठबळ आवश्यक होते.

हे विधान केवळ सैद्धांतिक नाही. हार्वी मिल्क हे कॅस्ट्रो रस्त्यावर कॅमेऱ्याचे दुकान चालवणारे गृहस्थ. १९७३ मध्ये ते संपूर्ण शहराच्या निवडणुकीस उभे राहिले आणि बत्तीस उमेदवारांत दहावे आले. १९७५ मध्ये पुन्हा उभे राहिले. सहा जागा होत्या आणि ते सातवे आले. त्यांचा मोहल्ला त्यांच्या पाठीशी होता, परंतु एक मोहल्ला म्हणजे शहर नव्हे.

प्रभाग पद्धतीचा १९७३ मधील प्रस्ताव फेटाळला गेला होता. वस्तीपातळीवरील संघटनांनी चिकाटीने तो पुन्हा मतपत्रिकेवर आणला आणि नोव्हेंबर १९७६ मध्ये 'टी' प्रस्ताव या नावाने तो संमत झाला. निकालाची शाई वाळते न वाळते तोच विरोधकांनी ऑगस्ट १९७७ मध्ये विशेष मतदान घडवून आणले. हा निर्णय रद्द करण्याचा तो प्रयत्न फसला. नोव्हेंबर १९७७ मध्ये अकरा प्रभागांतून अकरा नगरसेवक निवडून आले. त्यांत पाचव्या प्रभागातून मिल्क होते. एला हिल हच या सभागृहात निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला ठरल्या. गॉर्डन लाऊ यांची महापौरांनी त्याच वर्षी आधी नेमणूक केली होती. आता ते निवडून आलेले पहिले चिनी वंशाचे नगरसेवक झाले. आठव्या प्रभागातून डॅन व्हाइट आले. ते पूर्वी पोलीस आणि अग्निशमन दलात होते, आणि बदलत्या शहराने अस्वस्थ झालेल्या जुन्या श्वेतवर्णीय कामगार वस्तीचे ते प्रतिनिधी होते. प्रभाग पद्धतीने या वस्तीलाही आवाज दिला, ही गोष्ट तिच्या पुरस्कर्त्यांच्या लेखनात बहुधा दुय्यम ठरते.

२७ नोव्हेंबर १९७८ रोजी डॅन व्हाइट यांनी नगरसभागृहाच्या इमारतीत महापौर जॉर्ज मॉस्कोनी आणि हार्वी मिल्क यांची गोळ्या घालून हत्या केली. व्हाइट यांनी काही दिवसांपूर्वी राजीनामा दिला होता, तो त्यांना मागे घ्यावयाचा होता आणि महापौर त्यास तयार नव्हते. सभागृहाच्या अध्यक्षा डायान फाइनस्टाइन महापौर झाल्या. या हत्याकांडाचे कारण प्रभाग पद्धतीत शोधणे अनैतिहासिक ठरेल. परंतु प्रभागातून निवडलेला नगरसेवक शहराचा न राहता गटाचा होतो, हा टीकाकारांचा जुना आक्षेप त्या वातावरणात अधिक सहजपणे पटणारा झाला असावा. ऑगस्ट १९८० मधील विशेष मतदानात मतदारांनी प्रभाग पद्धती रद्द केली. तीन महिन्यांनी, नोव्हेंबर १९८० मध्ये, ती परत आणण्याचा प्रयत्न झाला, तोही फसला. १९८७ मध्येही तेच झाले.

दोन्ही विशेष मतदाने ऑगस्टमध्ये झाली, म्हणजे महापौर, गव्हर्नर वा राष्ट्राध्यक्ष यांपैकी कोणाचीही निवडणूक नसताना. अशा वेळी मतदानास कोण जातो आणि कोण जात नाही, हे कोणत्याही शहरातील निवडणूक कार्यकर्ता सांगू शकेल. मतदाराला विचारावयाचे तर केव्हा विचारावयाचे, हाही सत्तेचाच प्रश्न असतो.

नेमणुकीची वाट

१९८० ते २००० या काळातील सभागृह पुन्हा एकरंगी झाले असे मानण्याचा मोह होतो, परंतु तो टाळावयास हवा. मिल्क यांच्या जागी नेमलेले हॅरी ब्रिट पुढे संपूर्ण शहरातूनही निवडून आले. चिनी व कृष्णवर्णीय सदस्यही होते. फरक पडला तो प्रवेशद्वारात. जागा रिकामी झाली की महापौर नेमणूक करी आणि नेमलेली व्यक्ती पुढील निवडणुकीत विद्यमान सदस्य म्हणून, ओळखीच्या नावाने उभी राही. संपूर्ण शहराच्या निवडणुकीत ओळखीचे नाव हेच मोठे भांडवल असते. त्यामुळे अल्पसंख्य समूहाचा प्रतिनिधी सभागृहात येई तो बहुधा आपल्या वस्तीच्या बळावर नव्हे, तर महापौरांच्या कृपेने. महापौर विली ब्राउन यांच्या कारकिर्दीत असे नेमलेले सदस्य बरेच झाले. त्यांनी १९९७ मध्ये नेमलेले गॅव्हिन न्यूसम पुढे २००४ मध्ये महापौर आणि २०१९ मध्ये राज्याचे गव्हर्नर झाले.

नोव्हेंबर १९९६ मध्ये मतदारांपुढे एकाच वेळी दोन पर्याय ठेवण्यात आले. 'जी' प्रस्ताव प्रभागांचा होता, तर 'एच' प्रस्ताव पसंतीक्रमाने प्रमाणशीर प्रतिनिधित्व देण्याचा. आपल्या विधान परिषदेवर आमदार ज्या तत्त्वाने सदस्य निवडून देतात, त्याच तत्त्वाचा तो होता. 'जी' संमत झाला, 'एच' पडला. २००० मध्ये प्रभागनिहाय निवडणुका झाल्या आणि डिसेंबरच्या दुसऱ्या फेरीत महापौरांच्या पाठिंब्यावर उभे असलेले बहुतेक उमेदवार पराभूत झाले. मार्च २००२ मध्ये मतदारांनी ही खर्चिक दुसरी फेरीच काढून टाकली आणि तिच्या जागी पसंतीक्रम आणला. तो नोव्हेंबर २००४ पासून अमलात आहे. शिक्षक वा पदवीधर मतदारसंघात मतदान केलेल्या वाचकास या पद्धतीतील मतमोजणीचा धीर ठाऊक असेल. २०१० मध्ये दहाव्या प्रभागात वीसहून अधिक उमेदवार होते. तेथे पहिल्या पसंतीत तिसऱ्या क्रमांकावर असलेल्या मलिया कोहेन फेरीमागून फेरी होत अखेर विजयी झाल्या.

१९७६ चा निर्णय चार वर्षे टिकला, १९९६ चा निर्णय मात्र आजपर्यंत टिकून आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते यामागे पंधरा-वीस वर्षे चाललेला वाद आणि दोन पर्यायांमधून केलेली निवड ही कारणे असावीत.

मतदाराचे ओझे

जनपृच्छेचे कौतुक करताना तिचा भार विसरता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारापुढे केवळ शहराचे पंधरा प्रस्ताव होते. राज्याचे दहा वेगळे, आणि राष्ट्राध्यक्षापासून शिक्षण मंडळापर्यंतचे उमेदवार त्याशिवाय. नागरिकांच्या सह्यांखेरीज महापौर स्वतः, अथवा अकरापैकी चार नगरसेवक एकत्र येऊन प्रस्ताव मतपत्रिकेवर टाकू शकतात. सभागृहात बहुमत नसले की मतपत्रिकेचा रस्ता धरावा, अशी सवय त्यातून लागली आहे. काही प्रस्ताव गमतीचेही असतात. गस्तीवरील एका पोलीस अधिकाऱ्यास आपली बोलकी बाहुली सोबत नेण्याची मुभा असावी की नाही, हे १९९३ मध्ये सबंध शहराने मतदान करून ठरवले. बाहुली जिंकली.

या गर्दीत मतदाराने निर्णय कसा घ्यावा? शहराची एक समिती प्रत्येक प्रस्तावाचा सारांश लिहिते. सध्याची स्थिती काय, प्रस्ताव काय, 'होय' मत दिल्यास काय अर्थ आणि 'नाही' दिल्यास काय, हे शक्यतो आठवीच्या विद्यार्थ्यास समजेल अशा भाषेत लिहिण्याचे तिच्यावर बंधन आहे. समितीच्या बैठका खुल्या असतात आणि तेथे एकेका शब्दावर वाद होतो. इंग्रजीखेरीज चिनी, स्पॅनिश व फिलिपिनो भाषांतही हे साहित्य मिळते. प्रभागरचनेची अधिसूचना वाचण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला आहे, त्या मराठी वाचकास या तरतुदीचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

शहर आणि प्रभाग यांची टक्कर

प्रभागातून निवडलेला प्रतिनिधी आणि संपूर्ण शहराचे मतदान या दोन गोष्टी एकाच व्यवस्थेत नांदू लागल्या की त्यांचा संघर्ष केव्हातरी अटळ असतो. पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या 'ग्रेट हायवे' या रस्त्याचा सुमारे दोन मैलांचा भाग कोविडच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, मोटारींना बंद झाला. पुढे तो केवळ शनिवार-रविवारी बंद राहू लागला. तो कायमचा बंद करून तेथे उद्यान करावे, असा 'के' प्रस्ताव पाच नगरसेवकांनी नोव्हेंबर २०२४ च्या मतपत्रिकेवर ठेवला. त्यांत जोएल एंगार्डियो होते. रस्त्यालगतची सनसेट ही वस्ती त्यांच्याच चौथ्या प्रभागात येते. शहराने सुमारे ५५ टक्के मतांनी प्रस्ताव संमत केला. चौथ्या प्रभागाने तो मोठ्या फरकाने नाकारला. एप्रिल २०२५ मध्ये उद्यान खुले झाले. त्याच वर्षी १६ सप्टेंबर रोजी प्रभागातील मतदारांनी, साठ टक्क्यांहून अधिक मतांनी, एंगार्डियो यांचे प्रत्यावाहन केले, म्हणजे मुदत संपण्यापूर्वीच त्यांना परत बोलावले.

शहराच्या बहुमताने जे केले त्याची शिक्षा प्रभागाच्या बहुमताने आपल्या प्रतिनिधीस दिली, असे याचे एक वाचन आहे. परंतु सनसेटच्या रहिवाशांचे म्हणणे निराळे होते. रोज मोटारीने त्या रस्त्यावरून जाणारे आम्ही, आणि निर्णय केला तो रविवारी फिरावयास येणाऱ्या शहराने. त्यातही ज्याला आम्ही आमचा म्हणून पाठवले, त्याने आम्हास आधी न विचारता. हा युक्तिवाद सहज बाजूस सारता येण्याजोगा नाही. १८९८ च्या सुधारकांनी शहर निवडले होते, १९७६ च्या कार्यकर्त्यांनी प्रभाग. सव्वाशे वर्षांनी दोन्ही एका रस्त्यावर समोरासमोर आले. रस्ता बंद राहिला आणि नगरसेवक गेला.

महाराष्ट्राच्या संदर्भात

हा अनुभव महाराष्ट्रावर जसाच्या तसा लावता येणार नाही. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांना घटनात्मक दर्जा दिला, तरी सदस्य किती व प्रभाग कसा हे ठरवण्याचा अधिकार राज्याच्या विधिमंडळाकडेच ठेवला. येथील बहुसदस्यीय प्रभाग म्हणजे शहरव्यापी निवडणूकही नव्हे आणि खरा प्रभागही नव्हे. २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या आणि २०१७ मधील पुण्याचे ४१ प्रभाग यांचा हिशेब केल्यास एका प्रभागात सरासरी सुमारे ७६ हजार लोक येतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या २०२० मधील ८,७३,९६५ लोकसंख्येस अकराने भागल्यास सुमारे ७९ हजार येतात. म्हणजे प्रभागाचा आकार जवळपास सारखाच आहे. तेथे त्या ७९ हजारांना एक नगरसेवक आहे आणि त्याला परत बोलावण्याचा मार्गही आहे. पुण्यात त्या ७६ हजारांना बहुधा चार नगरसेवक मिळतात. रस्ता खोदला तर चौघांपैकी कोणास विचारावे, हा प्रश्न नागरिकांकडेच राहतो.

आणि तरीही स्थानिक प्रश्नावर थेट मत देणे महाराष्ट्रास अगदी अपरिचित नाही. दारूचे दुकान बंद करावे की नाही यासाठी गावात आणि शहरातील वॉर्डात होणारे गुप्त मतदान येथील स्त्रियांना चांगले ठाऊक आहे. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चिन्हे असतात. आडव्या बाटलीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. जी अक्षरओळख सॅन फ्रान्सिस्कोची समिती आठवीच्या पातळीवर आणू पाहते, तिची अडचण येथे एका चित्राने सोडवली. मात्र झालेल्या मतदानाचे बहुमत येथे पुरत नाही. यादीतील एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीस पडावी लागतात. जी स्त्री त्या दिवशी मजुरीवर गेली, जी माहेरी होती, जी वारली पण जिचे नाव यादीतून निघाले नाही, त्या सर्वांचे मत प्रत्यक्षात उभ्या बाटलीस जाते. गिअरी रस्त्याच्या ट्रामला १९०२ मध्ये दोन-तृतीयांशाच्या अटीने अडवले होते. मतदान कमी झाल्यास आडव्या बाटलीस लागणारा उंबरठा त्याहून चढा ठरतो. ग्रेट हायवेचा रस्ता बंद करण्यासाठी जो नियम होता तो येथील दारूच्या दुकानांना लावला असता तर त्यांपैकी किती बंद झाली असती, हे वॉर्डनिहाय मतदानाच्या नोंदी एकत्र करून तपासण्याजोगे आहे.